उष्टे फूल

मखमलाबादच्या शिवारात कुसाबाईंचा गुलाबाचा मळा आहे, आणि त्या घरातील प्रत्येक मुलाला चालता येऊ लागले की पहिली शिकवण मिळते : फूल नाकाशी न्यायचे नाही. मळ्यातले फूल गणेशवाडीच्या बाजारात जाते आणि तेथून कोणाच्या ना कोणाच्या देवावर चढते. हुंगले की ते उष्टे झाले, आणि उष्टे देवाला चालत नाही. निकिता लहान असताना तिने एकदा टोपलीतील एक फूल नाकाला लावले, तेव्हा कुसाबाईंनी ती भरलेली टोपली उकिरड्यावर ओतायला लावली होती. कोणते उष्टे झाले ते आता कसे ओळखणार, एवढेच त्या नातीला म्हणाल्या. मारले नाही, आवाजही चढवला नाही. तेव्हापासून गुलाबाच्या झाडावर वाकली की निकिता तोंडाने श्वास घेऊ लागली, आणि पुढे हे आपण करतो याचेही तिला भान राहिले नाही.

नाशिकला कृषी पदवी घेऊन ती फुलशेतीच्या पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला गेली. प्रबंधाचा विषय ठरला गुलाबाचा सुगंध. तो तिने निवडला नव्हता. गुलाबाच्या मळ्यातील मुलगी म्हणून तेथील प्राध्यापकांनी मोठ्या कौतुकाने तो तिच्या पदरात घातला, आणि नको म्हणण्याचे कारण तिला इंग्रजीत मांडता येईना. उन्हाळ्याच्या सुट्टीतील कामही त्यांनीच लावून दिले. मार्गारेट नावाच्या साठीच्या बाई लग्नसमारंभांसाठी गुलाब पिकवत. त्यांच्याकडे काम करायचे, आणि तेथेच प्रबंधापुरत्या वासाच्या नोंदी करायच्या. पोटापाण्याची आणि अभ्यासाची सोय एकाच ठिकाणी झाली.

निकिताच्या हाताला लहानपणापासून वळण होते. काटे कसे टाळावे, देठ कोठे कापावा, पाने किती ठेवावी, हे तिला सांगावे लागले नाही. मार्गारेटबाई खूश झाल्या आणि त्यांनी तिला छपरीतील मुख्य काम दिले. तोडून आणलेली फुले वासाप्रमाणे तीन बादल्यांत लावायची : तीव्र, मंद आणि बिनवासाची. निकिताने ती रंगावरून लावली. घरचा गर्द गुलाब तोडणीच्या वेळी साऱ्या मळ्यात घमघमतो, तेव्हा जितका रंग गडद तितका वास अधिक, असा तिने हिशेब बांधला. तिची कामाची सफाई पाहून कोणी बादल्या तपासल्या नाहीत.

एका लग्नघरातून तक्रार आली. त्यांनी मुद्दाम वासाची फुले मागवली होती, आणि मांडवभर लावलेल्या गर्द लाल फुलांना कसलाच वास नव्हता. मेणाची फुले पाठवलीत काय, असे त्यांनी विचारले. मार्गारेटबाईंनी निकिताला बोलावून ही फुले हुंगून पाहिली होती का, असे सरळ विचारले. खोटे बोलणे सोपे होते. निकिता म्हणाली, नाही.

मग कारण सांगण्याची वेळ आली. उष्टे या शब्दाला तिला इंग्रजी शब्द सापडेना. घाण होते, असे ती म्हणाली, तर बाईंनी नकळत स्वतःच्या नाकाला हात लावला. वापरलेले होते, असे म्हणून पाहिले, तर त्या म्हणाल्या, फूल वापरण्यासाठीच असते. शेवटी त्यांनी तो नाद सोडला. सोमवारपासून हुंगून बादल्या लाव, नाहीतर मला दुसरी मुलगी पाहावी लागेल, आणि तसे तुझ्या प्राध्यापकांनाही कळवावे लागेल, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

त्या संध्याकाळी निकिताने आईला फोन केला. उज्वलाताईंना यात अडचण काय तेच कळेना.

"अगं, तिथं तुला कोण बघतंय? हुंगायचं आणि मोकळं व्हायचं. आजीला कशाला सांगतेस?"

परंतु आजीला न सांगता करायचे असते, तर निकिताने ते केव्हाच केले असते. दुसऱ्या दिवशी तिने कुसाबाईंना फोन लावला. ही फुले देवाला जात नाहीत, टेबलावर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी फेकून देतात, हे तिने नीट समजावून सांगितले. कुसाबाईंनी सारे ऐकून घेतले.

"ते कुठं जाणार हाय, हे फुलाला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या. "तोडताना ते देवाचंच असतं. पुढं माणसं त्याचं काय करतात, ते माणसांपाशी. नाय म्हंजे नाय."

"मग मला काम सोडावं लागेल, आजी. शिक्षणही अर्धवट राहील."

"सोड. मळा हाय की तुझा."

मळा आहे, हे निकितालाही ठाऊक होते. पण मळा आहे म्हणून शिक्षण सोडून परत जायचे तिच्या मनात नव्हते.

सोमवारी ती छपरीत गेली, पहिले फूल उचलले आणि तोंड मिटले. काहीच कळले नाही. मार्गारेटबाई शेजारी उभ्या होत्या. पाकळ्यांच्या आत नाक घाल, असे त्यांनी खुणेने दाखवले. तिने तसे केले. पाप लागल्यासारखे वाटले नाही, आनंदही झाला नाही. ती एकामागून एक फूल हुंगत गेली आणि बादल्या भरत गेली. गर्द लाल फुले बहुतेक बिनवासाच्या बादलीत गेली, आणि ज्यांच्याकडे तिने आजवर ढुंकून पाहिले नव्हते ती फिकी फुले तीव्र वासाची निघाली. जेवणाच्या सुट्टीपूर्वी बाईंनी प्रत्येक बादलीतील दोन-चार फुले हुंगून पाहिली, मान डोलावली आणि त्या आपल्या कामाला निघून गेल्या. काम टिकले.

निकिताने डबा उघडला नाही. आधी फोन केला. नाशिकला तेव्हा गणेशवाडीत कुसाबाईंच्या दुकानापुढे संध्याकाळच्या हारांसाठी गर्दी होती.

"आजी, मी वास घेतला."

कुसाबाईंनी एका गिऱ्हाइकाला आधी भाव सांगितला, मग विचारले, "किती फुलांचा?"

"सगळ्यांचा. सकाळपासून आली तेवढ्यांचा."

पलीकडे कुसाबाईंनी गिऱ्हाइकाला हार बांधून दिला. कान उपटले जातील, निदान फोन तरी ठेवला जाईल, अशी निकिताने मनाची तयारी केली होती.

"कसा असतो गं?" कुसाबाई म्हणाल्या.

"काय?"

"वास. जवळून."

लग्न होऊन आल्या दिवसापासून या बाईने गुलाबाखेरीज दुसरे पीक घेतले नव्हते. प्रत्येकाचा वेगळा असतो, निकिता म्हणाली. एक पिवळट आहे, त्याला चहापत्तीचा वास येतो.

"गुलाबाला चहाचा? मग सरळ चहाच प्यावा माणसानं."

"आणि एकाला लवंगेचा."

"आन् आपल्या गावठीला?"

"तो जवळून मला माहीत नाही, आजी."

"नसूच दे," कुसाबाई म्हणाल्या. "तिथं तुझं काम हाय, तू केलंस. पर माझ्या सांगण्यावरनं नाय केलंस, हे ध्यानात ठेव. इथं आल्यावर हे चालायचं नाय."

"हो, आजी."

कोणीतरी हाराचा भाव विचारला, कुसाबाईंनी तो सांगितला, गिऱ्हाइकाने कमी करायला सांगितले आणि त्यांनी ते केले नाही. फोन मात्र चालूच होता. निकिता तो कानाला लावून बसली होती.

"लवंगेचा म्हणालीस," कुसाबाईंनी विचारले, "तो कोणत्या रंगाचा?"