धडधाकट पाय

आजीची थोरल्या लेकाबद्दल पहिल्यापासून एकच तक्रार होती. दुखणं पोरीचं, आणि बोलणं याचं. व्यायामोपचाराच्या खोलीत डॉक्टरीणबाई नातीला विचारायच्या, "कसं वाटतंय?" पोरीने तोंड उघडायच्या आत बाप म्हणायचा, "एकदम मस्त!" जसा काही गुडघा यालाच होता.

नात व्हॉलीबॉल खेळायची. उडी मारून खाली येताना गुडघा मुरगळला आणि आतला लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं, मग महिनोन्महिने व्यायाम. पोरीने निमूट केलं सगळं. पण संघाची निवड तोंडावर आली आणि बापाला दम निघेना. डॉक्टरीणबाई हटून बसल्या. "आधी एकेका पायावर लंगडी उडी. दुखरा पाय चांगल्याच्या जवळपास पोचला, तरच मैदान."

त्या दिवशी आजी भिंतीकडेच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. नातीने आधी चांगल्या पायावर उडी मारली आणि आजीच्या कपाळाला आठी पडली. घरी फरशी पुसली, की हीच पोर त्याच पायावर दारातून थेट पायपुसण्यावर झेपावायची, वर आजीलाच वेडावून दाखवायची. आणि आज? टुणकन् एवढीशी. मग दुखऱ्या पायाचीही तेवढीच. टेप लावला, दोन्ही सारख्या.

"चांगला पाय आज ढेपाळलाय का गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सकाळी फार पळाली ना," बाप म्हणाला. नातीची मान खाली.

पळाली कसली? सकाळी लोळत पडली होती, आजीनेच पांघरूण ओढलं होतं.

डॉक्टरीणबाई वळल्या. "आजी, पळाली होती?"

अख्ख्या गल्लीला तोंडावर सुनावणारी बाई. पण परक्या माणसापुढे पोटच्या पोराला खोटं कसं पाडायचं?

"पळाली असेल," आजी म्हणाली.

निवडीच्या सामन्यात पहिल्याच उडीला गुडघा पुन्हा गेला. पोर ओरडलीसुद्धा नाही. बाजूला बसलेल्या आजीकडे तिने नुसतं पाहिलं. ते पाहणं आजीला ताटावर आठवायचं, भांडी घासताना आठवायचं. एक 'नाही' म्हणायला काय पैसे पडत होते!

दुसरं ऑपरेशन झालं. पुन्हा तीच खोली, तोच बाक. नात पलंगावर पाय लांब करून बसली होती. मांडी वाळून काडी झालेली. डॉक्टरीणबाईंनी गुडघा हळूच वाकवला.

"दुखतंय का गं?"

"छे! मागच्यापेक्षा लवकर—" बाप सुरू झाला. "पुढच्या मोसमापर्यंत तर ही—"

आजी उठली. पिशवी काखेत मारली आणि थोरल्याचं मनगट धरलं, तो शाळेत जाताना धरायची तसं.

"आई, अगं काय करतेस? लोक बघतायत."

"बघू देत. त्या दिवशी लोकांची लाज धरली, म्हणूनच हा दिवस दिसला. डॉक्टरीणबाई, पोर तेव्हा पळाली नव्हती. याने चांगल्या पायाची उडी चोरायला शिकवलं आणि मी ते झाकलं." मग ती लेकाकडे वळली. "ऐक. हिचा पाय हिलाच कळतो. दुखलं तर ही सांगेल, खेळायचं का नाही तेही हीच सांगेल. इथे बसायची ना तुझी लायकी आहे, ना माझी. चल, बाहेर हो. मीही येते."