झोळी आणि दहा बाय बाराची ताडपत्री

मृत्यू हे जगातलं एकमेव सत्य आहे, आणि ज्यानं त्याचं भय जिंकलं त्यानं जग जिंकलं, असं रामकिसनरावांनी काकासाहेबांच्या शोकसभेत माइकवर ठणकावून सांगितलं. सभा हेलावली. दोघांनी तर डोळे पुसले. त्या रात्रीपासून रामकिसनराव झोपलेले नाहीत.

कारण साधं होतं. काकासाहेब झोपेत गेले होते. सिडकोच्या बागेत रोज सकाळी फिरणाऱ्या मंडळींत तेच सगळ्यांत ठणठणीत. सोमवारी रात्री वांग्याचं भरीत आणि दीड भाकरी खाऊन आडवे झाले, मंगळवारी सकाळी बायको चहा घेऊन गेली, तो चहा तसाच परत आणावा लागला. "सोन्यासारखं मरण," जो तो म्हणाला. "दवाखाना नाही, कुणाला त्रास नाही. असं मरण मागून मिळत नसतं." रामकिसनरावांनी ते मागितलंच नव्हतं. पण दोघांचं वय एक होतं, डॉक्टर एक होता, बीपीची गोळीसुद्धा एकाच रंगाची होती. आणि भरीत तर रामकिसनरावांच्या घरी आठवड्यातून दोनदा व्हायचं.

तेव्हापासून डोळा लागायला आला की छातीत धस्स व्हायचं. झोप म्हणजे पायऱ्यांची विहीर. उतरायच्या पायऱ्या दिसतात, वर यायच्या दिसत नाहीत. मग तासातासाला ते सरूबाईंना हलवायचे.

"अगं, बघ जरा. श्वास चालू आहे का माझा?"

"बंद असता तर विचारलं असतं का तुम्ही?" म्हणून सरूबाई कूस बदलायच्या.

उत्तर बिनतोड होतं, पण धीर देणारं नव्हतं. तीन महिन्यांत अशी अवस्था झाली की दाढी करताना आरशातला माणूस बघून रामकिसनरावांना त्याच्यावर दोन शब्द बोलावेसे वाटायचे.

इलाज मल्हाररावांनी काढला. मल्हारराव फिरायला येणाऱ्यांतलेच. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर, पण लहानपण मेंढरांमागं गेलेलं. थोरला भाऊ अजून फुलंब्रीकडं मेंढरं राखून होता.

"बंद खोलीत कुठं झोप येती, रामकिसनराव? रानात चला. झाडाला झोळी बांधू. लेकरू गाढ का झोपतं? झोळीत असतं म्हणून. रानात झोळीत पडलेला मानूस सकाळपस्तोर हालत नाय."

शेवटचे दोन शब्द रामकिसनरावांना आवडले नाहीत. पण जागून जागून ते इतके खंगले होते की मरायचंच असेल तर झोपून मरू, इथवर त्यांची तयारी झाली होती.

मोंढ्यात बद्रीनाथचं दोरखंड-ताडपत्रीचं दुकान. हल्ली डोंगरावर मुक्कामाला जाणारी पोरं येतात, म्हणून त्यानं झोळ्याही ठेवल्या होत्या. आधी त्यानं जाळीची काढली.

"ये देखो काका, एकदम हवेशीर."

मल्हाररावांनी तिच्यात बोटं घालून ताणून पाहिलं. "ही तर वाघूर हाय. मेंढरं कोंडायची जाळी. रातभर हिच्यात पडलं तर पाठीवर चौकटी उठत्यात, अन् डास खालून जेवून जात्यात. कापडाची काढ."

कापडाची निघाली. हिरवी, हलकी, दोन मुठींत मावणारी. मल्हाररावांनी ती हातानं मापली. "मानसाच्या उंचीहून दोन हात जादा पायजे, तेवढी हाय. ताणून बांधली का दोन्ही काठ अंगावर मिटत्यात. सैल सोडायची अन् तिरकं पडायचं, म्हंजी पाठ सपाट ऱ्हाती."

"बरीच माहिती आहे तुम्हाला."

"मंग! आमच्यात आजारी मानूस झोळीतच न्यायचे. बांबूला बांधून, दोघं पुढं, दोघं मागं, दवाखान्याच्या गावापस्तोर. माझा बाप नेला, चुलता नेला."

"बरे होऊन आले?"

मल्हारराव खरं बोलणारा माणूस. त्यांनी नीट आठवून पाहिलं. "येताना झोळी हलकी असायची."

रामकिसनरावांचा हात कापडावरून आपोआप निघाला. बद्रीनाथ झोळी दुकानाच्या खांबांना बांधून "बैठके तो देखो काका" म्हणत होता. रामकिसनरावांनी सांगितलं, गुडघे दुखतात.

झोळी घेतली, ताडपत्रीचं मात्र जमेना. निळी पातळ होती. "वाऱ्यात फडफडंल, झोपू देनार नाय." पिवळी जाड होती. "उचलायला बैल लागंल." शेवटी मल्हाररावांनी बद्रीनाथच्या तोंडावर सांगून टाकलं, "घरी जुना फ्लेक्स असंल तर बघा. त्याच्यावानी ताडपत्री नाय. आमच्या वाड्यावरची कोकरं समदी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाखाली झोपत्यात. थेंब येत नाय आत."

सरूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "गच्चीवर कूलरला झाकलाय की एक. दहा बाय बाराचा." त्यांनी तो धुऊन, वाळवून, घडी घालून पिशवीत दिला. कशाचा, ते रामकिसनरावांनी विचारलं नाही. निघताना सरूबाई म्हणाल्या, "आज रात्री मल्हाररावांना हलवा. मी झोपते."

दिवाळी होऊन गेली होती, तरी आभाळ भरलेलं होतं. मल्हाररावांच्या भावाच्या रानात दोन चिंचा सहा पावलांच्या अंतरावर उभ्या होत्या. मल्हाररावांनी झोळी कमरेइतक्या उंचीवर बांधली, पडलंच तर हाड मोडू नये म्हणून. आत घोंगडी अंथरली, कारण थंडी वरून नाही, खालून येते. दोन्ही दोरांना एकेक चिंधी बांधली.

"ही कशाला?" रामकिसनरावांनी दचकून विचारलं.

"पानी दोरावरून वाहत येतं, चिंधीपाशी गळून पडतं. आत येत नाय."

मग रामकिसनराव गोळी घ्यायला पाण्याच्या बाटलीकडं वळले, तेवढ्यात फ्लेक्स चढला. वाऱ्याकडची बाजू खाली, पांढरी बाजू वर, कारण रंगीत बाजू पावसानं उडते. डब्यात सरूबाईंनी भरीत दिलं होतं. रामकिसनरावांनी ते मल्हाररावांकडं सरकवलं आणि भाकरी नुसत्या ठेच्याशी खाल्ली.

दिवस मावळता मावळता ते झोळीत चढले. चढले म्हणजे मल्हाररावांनी त्यांना आत घातलं. कापड दोन्हीकडून वर आलं. रान गेलं, झाडं गेली, फक्त वरची फट उरली. आणि त्या फटीत काकासाहेब होते.

चार फुटांचा चेहरा. तोच सफारी, तेच हसू. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली शोक करणाऱ्यांच्या फोटोंची रांग होती, पण कूलरवर उरलेला पावसाळा काढल्यानं ती धुऊन गेली होती. 'शोकाकुल' हा शब्दही गेला होता. एकच फोटो शाबूत राहिला होता, रामकिसनरावांचा. आता श्रद्धांजली दोघांना मिळून होती.

रामकिसनराव उठायला गेले तर झोळी डुलली आणि कापड आणखीच मिटलं. ते ओरडले, "मल्हारराव! वर बघा! काकासाहेब!"

"व्हय, वळखलं मी बांधतानाच," खालच्या घोंगडीतून उत्तर आलं. "लई भला मानूस. वाऱ्याला बी टिकतोय." आणि मल्हारराव घोरू लागले.

अंधार पडला तसे काकासाहेब दिसेनासे झाले. ते जास्त वाईट होतं. दिसत होते तोवर निदान कुठं आहेत ते कळत होतं. लांब मेंढरांची कुत्री एकदम भुंकली आणि एकदम गप्प झाली. मग रामकिसनरावांना ते ऐकू आलं. डोक्यावर काहीतरी श्वास घेत होतं. हळू फुगायचं, थांबायचं, हळू बसायचं. वारा आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. फ्लेक्स आहे. पण तो श्वास एखाद्या झोपलेल्या माणसासारखाच होता, भरीत खाऊन झोपलेल्या.

हात छातीवर ठेवून ते स्वतःचा श्वास शोधू लागले. सापडला. तो वरच्याच तालात चालला होता. वर फुगलं की इथं आत, वर बसलं की इथं बाहेर. त्यांनी मुद्दाम ताल चुकवला. चार श्वास चुकवला. पाचवा आपोआप जुळला. पुन्हा चुकवला, पुन्हा जुळला. "काकासाहेब, सोडा," ते पुटपुटले. विहिरीच्या पायऱ्या पायाला लागल्या. एक. दोन. सरूबाईंना हलवायला त्यांनी हात लांब केला, तर तिथं कापड होतं.

आणि मग काहीच नाही.

डोळे उघडले तेव्हा उजेड होता. मऊ, राखाडी, कुठून येतो ते न कळणारा. अंगाला वजन नव्हतं. गुडघे दुखत नव्हते, वीस वर्षांत पहिल्यांदाच. समोर काकासाहेब हसत होते.

झालं तर, रामकिसनरावांनी ओळखलं.

घरी सरूबाईंनी चहा ठेवला असेल. बाया येतील, सोन्यासारखं मरण म्हणतील, आणि सरूबाई मान हलवतील, कारण रात्री त्यांना खरंच काही त्रास झालेला नव्हता. मग शोकसभा. पण तिथं बोलणार कोण? फिरायच्या मंडळींत बरं बोलणारे ते एकटेच होते. या विचारानं मात्र त्यांचे डोळे भरून आले.

"काकासाहेब," ते हळूच म्हणाले, "मी तर भरताला शिवलोसुद्धा नव्हतो हो."

काकासाहेब हसत राहिले.

रामकिसनराव वाट बघत राहिले. कुणीतरी न्यायला येईल, हिशेब विचारील. कुणी आलं नाही. त्याऐवजी ओटीपोटात एक ओळखीची कळ आली. त्यांनी ती दाबून पाहिली. ती वाढली. मेल्यावर माणसाला हे लागतं, असं कुठल्याही पोथीत त्यांनी ऐकलं नव्हतं. मग चुलीचा धूर नाकात शिरला, चहा उकळल्याचा वास आला आणि फ्लेक्सच्या काठावरून दवाचा एक थेंब थेट कपाळावर पडला.

म्हणजे रात्र गेली होती. अख्खी. ते तिच्यात उतरले होते आणि वर आले होते, कुणालाही न हलवता. त्यांनी छातीवर हात ठेवला. आत सगळं आपल्या तालात चाललं होतं. मग त्यांनी झोळीबाहेर पाय काढायचा प्रयत्न केला. पाय कापडात, कापड घोंगडीत आणि घोंगडी कशात ते कळेना.

"मल्हारराव," त्यांनी हाक मारली. "ओ मल्हारराव! चहा राहू द्या. आधी जरा हात द्या अन् मला खाली उतरवा. लघवीला जायचंय."