पुन्हा कोणीतरी झेललं

माझी कादंबरी झोपांमध्ये लिहिली गेली. माझ्या नव्हे, मुलीच्या. ती तीन महिन्यांची होती तेव्हा मी पहिलं पान लिहिलं. तेव्हा ती सकाळी पन्नास मिनिटं झोपायची आणि दुपारी, नशीब जोरावर असेल तर, सव्वा तास. नवऱ्यानं "आज किती झालं?" असं विचारलं की मी "दीड झोप" म्हणायचे आणि त्याला बरोबर कळायचं. आता ती अडीच वर्षांची आहे. सकाळची झोप तिनं केव्हाच सोडून दिली. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण चालायला लागल्यापासून ती सरळ अशी कुठे गेलीच नाही.

कादंबरी दोन बहिणींची आहे. दोघी एका तीन मजली घरात भाडेकरू ठेवून राहतात. थोरलीला मूल नाही, धाकटीला एक मुलगा. धाकटी कामावर जाते, मूल दिवसभर मावशीपाशी. एका सकाळी मूल जिन्यावरून पडतं आणि त्या पडण्यानं दोघी बहिणी एकमेकींना कायमच्या दुरावतात. कोणी विचारलं की मी हेच सांगायचे. लिहायला बसले की मात्र मूल काही पडायचं नाही.

पहिल्या खर्ड्यात त्याला वर येणाऱ्या एका भाडेकरूनं अलगद झेललं. प्रकाशनाच्या संपादक बाईंनी हस्तलिखित परत पाठवलं, पण सोबत दोन पानी पत्र होतं, म्हणून मी हिंमत धरून पुन्हा लिहिलं. दुसऱ्या खर्ड्यात मूल खालच्या पायरीवर ठेवलेल्या धुण्याच्या ढिगावर पडलं. तेही परत आलं. तिसऱ्या खर्ड्यात ते खरोखर पडलं, पण वरून तिसऱ्या पायरीपर्यंतच. तिथं मावशीनं धावत येऊन त्याचा सदरा धरला.

या वेळी बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांची खोली लहान, खिडकीपर्यंत दोरीनं बांधलेल्या गठ्ठ्यांनी भरलेली. बसायच्या खुर्चीवरचा गठ्ठा त्यांनी आधी उचलून जमिनीवर ठेवला, मग मला बस म्हणाल्या. माझं हस्तलिखित एकशे बाराव्या पानावर उघडं होतं. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "पुन्हा कोणीतरी झेललं."

"लहान मूल आहे का हो घरात?" त्यांनी विचारलं.

"मुलगी आहे. अडीच वर्षांची."

"टेबलाचे कोपरे झाकलेत?"

"चारी," मी म्हणाले. "आणि कपाटाला कड्या लावल्यात. आणि खिडकीला जाळी."

"तरीच. कादंबरीलाही लावलीय तुम्ही जाळी." त्या हसल्या नाहीत. "हे बघा, मी महिनाअखेरीला निवृत्त होतेय. जाण्यापूर्वी तीन पुस्तकं छपाईला पाठवायचा मला अधिकार आहे. दोन ठरली आहेत. तिसरं तुमचं असावं असं मला वाटतं, नाहीतर एवढ्यांदा वाचलं नसतं. पण असं नाही. माझ्या जागी येणारा माणूस नव्यानं सुरुवात करेल, त्यात तुमचा गठ्ठा कुठे जाईल ते मला सांगता येत नाही. आज तीन तारीख. एकोणतीसला माझ्या टेबलावर हवं."

मी हो म्हणाले. जिना उतरताना मी कठडा धरला होता.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. "सरळ लिफ्ट बसव त्या घरात," तो म्हणाला, "जिन्याचा प्रश्नच मिटला. मी येतो हवं तर, दोन दिवसांचं काम आहे."

"मग मूल लिफ्टमध्ये अडकेल."

"अडकू दे. माझ्या लिफ्टमधून आजवर सगळे हसत बाहेर आलेत."

मी त्याला खरी गोष्ट सांगितली नाही. मला वाटत होतं की लिहिलं तर तसं होईल. मी संख्याशास्त्राची पदवीधर आहे. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी परीक्षेत पहिल्या वर्गाचे गुण मिळवून सिद्ध केलेलं आहे. तरी पेन उचललं की कागदावरच्या मुलाला भिंगरीचेच पाय फुटायचे, आणि मी उठून तिला बघून यायचे.

सासूबाई आमच्याकडेच राहतात. आयुष्यभर त्या इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. चौथ्या दिवशी, मी पुन्हा दारातून डोकावले तेव्हा, भिंगरीला ठोकळे रचून देता देता त्या म्हणाल्या, "पंधरा मिनिटांत सात वेळा. आमच्या वॉर्डातसुद्धा तासाला एकच फेरी असायची."

"पाणी प्यायला उठले होते."

"मग आतापर्यंत हंडाभर प्यायलीस. काय अडलंय?"

मी दारातच बसले आणि त्यांना सांगून टाकलं. मूल कसं पडतं तेच मला लिहिता येत नाही, म्हटलं. मावशीला वाईट करावं तर ती वाईट नाही. ती चांगली ठेवावी तर मूल पडत नाही. आणि लिहायलाच भीती वाटते.

त्यांनी एका ठोकळ्यावर दुसरा ठेवला. भिंगरीनं तो पाडला.

"तुझ्या नवऱ्याच्या हनुवटीखाली खूण आहे ना?"

"पाळण्याचा आकडा निसटला होता, तेव्हाची."

"आकडा शाबूत होता," सासूबाई म्हणाल्या. "मी त्याला टेबलावर बसवला होता, कपडे बदलायला. खाली रस्त्यावर दोघांचं भांडण चाललं होतं आणि फार रंगलं होतं. एक म्हणे तुझ्या बापाला विचार, दुसरा म्हणे त्यालाच विचारून आलोय. मी खिडकीतून बघत राहिले. किती वेळ, तर अर्धा मिनिट. वॉर्डातली वीस पोरं सांभाळणारी बाई, आणि माझंच पोर तीन टाक्यांचं झालं."

"मग पाळणा?"

"घरी काहीतरी सांगायला हवं होतं. यांनी तो पाळणा दुसऱ्याच दिवशी भंगारात दिला. बिचारा फुकट बदनाम झाला." त्यांनी पडलेले ठोकळे गोळा केले. "चांगलं वाईट कशाला शोधतेस? मी दुसरीकडे बघत होते. एवढंच झालं."

मी निसटलेला एक ठोकळा त्यांच्याकडे सरकवला आणि विचारलं, "आई, हे मी घेऊ का?"

"घे. पण भांडण बदल. त्यातला एक अजून हयात आहे." आणि लगेच, "आणि घरात बसू नकोस. इथं तुझ्याच्यानं होणार नाही. त्या वाचनालयात जा. मी आहे."

वाचनालय घरापासून दहा मिनिटांवर. वर्तमानपत्रं चाळणारे तीन-चार निवृत्त लोक, पंख्याची कुरकुर, आणि फोन दाराशी जमा करायची सक्ती. पहिल्या दिवशी मी फोन देताना ग्रंथपाल बाईंना घरचा पत्ता लिहून दिला, काही झालं तर असावा म्हणून. त्यांनी तो न वाचता खणात टाकला. त्या दिवशी एक ओळही झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी पडण्याचं वाक्य अकरा वेळा लिहिलं. बाराव्या वेळी त्यातून "अचानक" काढलं, किंकाळी काढली, धावत येणारी मावशी काढली. मावशी खिडकीशी उभी होती. समोरच्या घरी सामान चढवणाऱ्या माणसांचं कपाट दारात अडकलं होतं, आणि कपाट तिरकं करायचं की दार काढायचं यावर त्यांचा वाद चालला होता. तिला हसू येत होतं. मग मागून आवाज आला. आवाज कसला ते मी लिहिलं नाही. पान संपलं.

मी घरी जवळजवळ पळत गेले. भिंगरी केळं खात होती.

ते प्रकरण बाईंकडे पोचल्यावर त्यांचा फोन आला. "मूल पडलं," त्या म्हणाल्या. "छान झालं." असं छान मी जन्मात ऐकलं नव्हतं. "पण तुमच्या पुढच्या प्रकरणात ते टुणटुण उड्या मारतंय. त्याला काय झालंय ते तुम्हालाच ठाऊक नाही."

"एका कानानं ऐकू येत नाही," मी म्हणाले. तोवर मलाही ते ठाऊक नव्हतं.

"मग सगळी माणसं त्याच्याशी वेगळी बोलतील. कोणत्या बाजूला उभं राहायचं ते ठरवतील. पुढची सहाच्या सहा प्रकरणं बदलतात. जमेल?"

सोळा दिवस उरले होते. एक मूल पडलं तर घरातली प्रत्येक खुर्ची हलवावी लागते, हे मला तेव्हा कळलं. जेवताना त्याला उजवीकडे बसवायचं. हाक मारणाऱ्यानं आधी समोर यायचं. तिसऱ्या मजल्यावरचा थट्टेखोर भाडेकरू, ज्याच्या विनोदांवर मी दोन वर्षं खूश होते, त्या घरात आता तसा बोलूच शकत नव्हता. त्याचे सगळे विनोद गेले. मी रोज तीन तास बसले. चार प्रकरणं झाली, तशी बाईंकडे पाठवली.

चोविसाव्या तारखेला घरी आले तर भिंगरीच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं.

सासूबाई उभ्याच होत्या. वॉर्डातल्या पाळीचा अहवाल द्यावा तशा बोलल्या. "अकरा वाजून दहा मिनिटं. स्वयंपाकघराच्या दारावर आपटली. लगेच रडली, शुद्ध गेली नाही, उलटी नाही, बुबुळं दोन्ही सारखी. नंतर नीट जेवली, आता खेळतेय. मी दुधाकडे बघत होते."

आकडा निसटला, असं त्या म्हणाल्या नाहीत. मला ते कळलं. पण तेव्हा मी भिंगरीला उचलून नुसती हुंगत होते, आणि डोक्यात एकच चाललं होतं, मी लिहिलं म्हणून. त्या दिवशी मी कागदांना हात लावला नाही. सासूबाईही आपल्या खोलीतून फारशा बाहेर आल्या नाहीत.

संध्याकाळी नवरा आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, भीतीसकट. तो हसेल असं वाटलं होतं. त्यानं हातपाय धुतले आणि कपाटातून माझी वही आणली. भिंगरीच्या जन्मापासून मी एक वही ठेवली आहे. ताप, दात, लस, खोकला आणि प्रत्येक पडणं, वेळेसह.

"संख्याशास्त्र तू शिकलीस," तो म्हणाला. "मोज."

मी मोजलं. एकतीस वेळा ती पडली होती. त्यातली एकोणतीस, कादंबरीतलं मूल अगदी सुखरूप असताना.

"म्हणजे तू त्याला झेलत होतीस तेव्हा ही जास्त पडत होती," नवरा म्हणाला. "उलट आता कमी झालंय."

"असा निष्कर्ष काढता येत नाही."

"मग तुझाही काढता येत नाही."

पटलं. तरी रात्री मी तीनदा उठून भिंगरीला बघून आले.

सकाळी मी कागद पिशवीत भरले. सासूबाई भिंगरीच्या केसांत कंगवा फिरवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज नाही गेलीस तरी चालेल. मला वाईट नाही वाटणार."

"जाते, आई. दीडपर्यंत येते. दूध तापवून ठेवलंय."

त्यांनी वर बघितलं. त्यांचा कंगवा थांबला होता आणि भिंगरीनं तोंड वेडंवाकडं करूनही त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "दोनला ये. घाई नको."

रस्त्यावर मी दोनदा मागे फिरायला निघाले आणि दोन्हीदा तशीच पुढे गेले. वाचनालयात बसल्यावर पाचवं प्रकरण एका बैठकीत झालं. त्यात धाकटी बहीण सकाळी कामावर जायला निघते आणि मुलाला शेजारणीकडे सोडते. मावशी दारात उभी असते. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे मी त्या सकाळी बघितलं, ते मी मावशीला दिलं नाही. देता आलं असतं, हात तिकडे वळतही होता. पण मावशीला ते मिळत नाही, आणि कादंबरी तिथंच तर आहे.

सहावं प्रकरण अठ्ठाविसाला संपलं. एकोणतीसला मी गठ्ठा घेऊन बाईंच्या खोलीत गेले. अर्धी खोली रिकामी झाली होती. भिंतीवर गठ्ठ्यांच्या उंचीचे फिकट चौकोन उमटले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि माझ्यासमोरच शेवटची दोन प्रकरणं वाचायला घेतली. तास गेला. मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि पूर्ण वेळ त्यांच्याकडेच बघत होते. एका ठिकाणी त्यांनी मागचं पान उलटून पुन्हा वाचलं. चहा आला, त्यावर साय धरली.

शेवटच्या पानावर त्या थांबल्या. त्यात धाकटी बहीण मुलाला घेऊन ते घर कायमचं सोडते. मुलाच्या ऐकू येणाऱ्या कानाकडून ती जिना उतरते. आणि शेवटच्या ओळीत, खालच्या दाराशी, ती वळून वर बघते.

"बाकी झालंय," बाई म्हणाल्या. "फक्त ही ओळ. वळून बघते का ती?"

ती ओळ मी चार वेळा लिहिली होती. ती मला आवडायची. वर मावशी एकटी उभी होती, आणि तिच्याकडे कोणीतरी निदान बघावं असं मला वाटत होतं. मी डोळ्यांपुढे तो जिना आणला. धाकटीच्या एका हातात बॅग होती, दुसऱ्या हातात मुलाचा हात. मूल पायऱ्या उतरत होतं आणि तिचं सगळं लक्ष त्याच्या पावलांवर होतं.

"नाही," मी म्हणाले.

बाईंनी पेन पुढे केलं. मी ती ओळ खोडली, एकदा, सरळ, आणि कागद त्यांच्याकडे परत सरकवला. त्यांनी पहिलं पान वर घेतलं, कोपऱ्यात "छपाईला" असं लिहिलं आणि खाली सही केली.