केशवरावांनी टाकलेला शब्द

हैदराबादेत काचीगुड्याला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका मिठाईच्या दुकानाच्या माडीवर मृण्मयीचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. नोकरी हवी असलेली माणसं तिच्याकडे येतात, माणसं हवी असलेल्या कंपन्या तिला फोन करतात, आणि दोघांची गाठ घालून देणं हा तिचा धंदा. गेले दोन महिने तिथे आणखी एक गृहस्थ नेमाने येऊन बसत होते, आणि त्यांना नोकरी नको होती. वय एकाहत्तर, कडक इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन. महसूल खात्यातून सुपरिंटेंडेंट होऊन निवृत्त झालेले केशवराव देगलूरकर ते हेच.

नोकरी हवी होती त्यांच्या मुलाला. विकास आठ वर्षांपासून हिमाचलात, बद्दीला, औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या कामावर होता. त्याची सगळी सर्टिफिकेटं काचीगुड्याच्या घरी लोखंडी कपाटात, म्हणून केशवराव ती घेऊन पहिल्यांदा ऑफिसात आले. एक मार्कशीट राहिली म्हणून दुसऱ्यांदा आले. तिसऱ्यांदा काहीच राहिलं नव्हतं, तरी आले.

"ती पोरगी बिचारी कामात असते. तुम्ही कैकू तिच्या डोक्यावर बसता?" पत्नी मालतीबाई विचारत.

"काही कागद लागला तर माणूस जवळ असावं," केशवराव म्हणत.

कागदाचं निमित्त होतं हो. विकास परत येणार ही गोष्ट रोज मोठ्याने बोलली जाईल अशी तेवढी एकच जागा त्यांना उरली होती. घरात हा विषय निघाला की मालतीबाईंचे डोळे भरत आणि केशवरावांना एकदम पेपरातलं काहीतरी महत्त्वाचं आठवे. रविवारी व्हिडिओ कॉलवर पाच वर्षांची रेणू "दादी, आप कब आओगे?" म्हणे. नातीला मराठी येत नाही याचं दुःख करावं की ती बोलावते आहे याचा आनंद मानावा, हे मालतीबाईंना कळत नसे. केशवराव फोन हातात घेत आणि आठ वर्षं जे म्हणत आले तेच म्हणत, "आमची काळजी करू नकोस. आम्ही मजेत आहोत. तिकडे बरं चाललंय ना, झालं तर मग." फोन ठेवला की हा मजेतला माणूस गच्चीवर जाऊन मोबाइलवर बद्दीचं तापमान बघत उभा राहायचा. हैदराबादचं त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, बद्दीचं तोंडपाठ होतं.

ऑफिसात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ते मृण्मयीचं बोलणं ऐकत. ती एका माणसाशी तेलुगूत, दुसऱ्याशी दख्खनीत आणि केशवरावांशी मराठीत बोले, पण सांगणं सगळ्यांना तेच. नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असेल तर तीनच सांगा, एक सांगून कंपनीला लटकवू नका. आताचा पगार फुगवून सांगू नका, स्लिप मागतातच. इंटरव्ह्यू झाला की गेटाबाहेर पडताच मला फोन करा, घरी जाऊन जेवून झोपून मग नव्हे. तोवर काय विचारलं होतं ते तुम्ही विसरलेले असता. आणि शेवटी, बोट वर करून ती म्हणे, "एका कंपनीत तुमचं नाव एकाच एजन्सीकडून गेलं पाहिजे. दुसऱ्या कुणी आधी पाठवलं असेल तर आत्ता सांगा, मी रागावत नाही. नंतर कळलं तर माझ्या हातात काही राहत नाही."

केशवराव मान डोलावत. चौतीस वर्षं नियमाच्या पुस्तकावर काढलेल्या माणसाला असं ऐकायला बरं वाटतं. एकदा तर मृण्मयी फोनवर असताना एका घाबरलेल्या बाईंना त्यांनी स्वतःच सगळं समजावून सांगितलं, बोट वर करून.

दिवाळीनंतरच्या सोमवारी मृण्मयीने त्यांना बसायच्या आधीच गाठलं. "काका, शहराबाहेरच्या एका औषध कंपनीत जागा निघालीये. विकासदादांच्या मापाचीच. मी आज नाव पाठवलं. तुमच्या घरापासून तास-सव्वा तास. आता फक्त थांबायचं."

त्या दिवशी केशवराव जिना दोन-दोन पायऱ्या उतरले. गुडघ्याने तक्रार केली, ती ऐकायला ते थांबले नाहीत.

घरी मालतीबाईंनी मागच्या खोलीतले डबे, ट्रंका, जुने पंखे बाहेर काढले. खिडकी धुतली. शेजारच्या मंगलाताईंना रेणूसाठी शाळेची चौकशी करायला लावली. सून मेघनाला काय आवडतं, याची मनात उजळणी केली आणि आपल्याला ते नीटसं ठाऊकच नाही म्हणून खट्टू झाल्या. "नुसतं नाव गेलंय गं," केशवराव म्हणाले. "जाऊ दे की. खोली काय अशीही धुवायचीच होती," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीला लागल्या.

मंगळवार गेला. बुधवार गेला. मृण्मयी म्हणाली, "काका, आठवडा लागतो." तिच्या दृष्टीने आठवडा म्हणजे सात दिवस. केशवरावांचा जीव टांगणीला लागला होता, आणि रिकाम्या माणसाचा जीव टांगणीला लागला की त्याला काहीतरी करावंसं वाटतं.

त्यांना आपलं ऑफिस आठवलं. साहेबांच्या टेबलावर फाइल गेली आणि तिच्यामागे कुणाचा शब्द नसला तर ती महिना-महिना पडून राही. एकाने शब्द टाकला तर आठवड्यात हले. दोन वेगवेगळ्या बाजूंनी दोघांचा शब्द आला तर जेवणाच्या सुट्टीआधी सही होई. हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं आणि हजारदा नाक मुरडलं होतं. स्वतः मात्र कधी कुणासाठी शब्द टाकला नाही. कुणासाठीच नाही, हे महत्त्वाचं.

विकास एम.एस्सी. झाला तेव्हा इथल्याच एका प्रयोगशाळेत जागा होती. तिथले प्रमुख केशवरावांच्या रोजच्या उठण्याबसण्यातले. मालतीबाई म्हणाल्या होत्या, "एक शब्द टाका हो. आपलाच मुलगा आहे." केशवराव म्हणाले होते, "आपलाच आहे म्हणूनच नाही." विकास दाराशी उभा होता. त्याने ऐकलं. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, त्याच्या गुणांवर की त्याच्या काकाच्या शब्दावर, देव जाणे. विकास आधी वापीला गेला, मग बद्दीला. सोळा वर्षं झाली. केशवरावांच्या तत्त्वाला तडा गेला नाही, घरात मात्र दोनच ताटं मांडली जाऊ लागली. मालतीबाईंनी त्यांना त्यावरून कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना अलीकडे वाटे.

गुरुवारी सकाळी ते नामपल्लीला गेले. त्यांचे जुने सहकारी भगवंतराव तिथे राहत. भगवंतरावांचा पुतण्या बबलू, आता पंचेचाळिशीचा आणि चांगला गरगरीत झालेला, तोही अशीच एजन्सी चालवायचा. त्याच कंपनीला तो माणसं पुरवतो, हे भगवंतरावांनी कधीतरी बोलण्यात सांगितलेलं केशवरावांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

बबलूच्या टेबलासमोर बसून त्यांनी खिशातून घडी घातलेला बायोडेटा काढला.  आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाच्या दारात मुलासाठी गेले होते.

"माझा मुलगा आहे. हुशार आहे," ते म्हणाले. "जरा... बघा."

"अरे काका, तुम्ही सांगायचं आणि मी बघायचं नाही? टेन्शन नक्को घेऊ. आजच्या आज टाकतो." बबलूने कागद उलटा-सुलटा केला. "फक्त एक सांगा. या कंपनीत आधी कुणाकडून नाव गेलं नाही ना?"

प्रश्न साधा होता. उत्तर त्यांना माहीत होतं आणि ते का विचारतात हेही माहीत होतं, दोन महिने तेच तर ऐकत होते. पण डोळ्यांसमोर ती धुतलेली खिडकी आली.

"नाही," केशवराव म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी ते ऑफिसात गेले तेव्हा मृण्मयी फोन ठेवत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि नेहमीसारखं 'बसा काका' म्हणाली नाही.

"नाव बाद झालं, काका. दोन एजन्सींकडून तोच माणूस गेला. उद्या कुणाच्या मार्फत घेतला यावरून भांडण नको म्हणून कंपनी अशा माणसाला सरळ काढून टाकते. सहा महिने तिथे पुन्हा नाव देता येत नाही." तिचा आवाज चढला होता. "मी सकाळीच विकासदादांना फोन केला. म्हटलं, तुम्ही दुसरीकडे दिलं होतं का? म्हणाले, हो, मीच दिलं, चूक झाली. मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी की कुठे दिलेलं नाही. असं खोटं बोलणाऱ्या माणसासाठी मी पुढे कुठल्या तोंडाने बोलू? मी त्यांचं नाव माझ्या यादीतून काढलंय. वाईट वाटतंय, पण काढलंय."

केशवरावांना आधी काही ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग ते एक वाक्य तेवढं ऐकू आलं. मीच दिलं.

"त्याने दिलं नाही," ते म्हणाले. "मी दिलं. नामपल्लीला जाऊन. आधी कुठे गेलं नाही, असं तिथे खोटंही सांगितलं."

मृण्मयी त्यांच्याकडे बघत राहिली. "काका, तुम्ही तर रोज इथे बसून ऐकत होतात."

"ऐकत होतो."

"मग?"

"मला वाटलं, दोघांनी सांगितलं तर लवकर होईल." त्यांनी खिशातलं पेन उगाच काढलं, परत लावलं. "मला घाई झाली गं. बाकी काही नाही. मुलगा बघायची घाई झाली."

मृण्मयीचा राग तिथेच विरला. ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "कंपनीचं आता काही होणार नाही, काका. मी सांगून बघेन, पण होत नाही, माहितेय मला. विकासदादांचं नाव मात्र मी यादीत परत घालते. दुसरीकडे बघत राहीन. कधी जमेल ते सांगू शकत नाही."

केशवराव जिन्यात आले. खाली मिठाईच्या दुकानात गर्दी होती, रस्त्यावर बसचा हॉर्न अडकल्यासारखा वाजत होता. घरी जाऊन मालतीबाईंना सांगायचं होतं, पण त्याआधी एक फोन करणं भाग होतं. विकासला स्वतःहून, रविवार नसताना, त्यांनी कधी फोन केला नव्हता.

"बाबा? काय झालं? आईला बरं आहे ना?"

"आई बरी आहे. तू त्या मुलीला खोटं का सांगितलंस?"

पलीकडे थोडा वेळ यंत्रांची घरघर ऐकू आली, मग ती दूर गेली. विकास बाहेर कुठेतरी येऊन उभा राहिला असावा.

"ती म्हणाली, नामपल्लीच्या एजन्सीकडून नाव गेलंय," तो म्हणाला. "नामपल्लीत भगवंतकाका राहतात. मग मला कळलं. तुम्ही त्या ऑफिसात रोज जाऊन बसता, आई सांगते. तिथे तुमची मान खाली जायला नको म्हणून म्हटलं."

केशवरावांनी जिन्याचा कठडा धरला. "मी तुझी नोकरी घालवली, विकास."

"हो."

"तू रागव तरी."

"आला होता राग. सकाळी खूप आला." विकास थांबला. त्याचा आवाज बदलला, लहानपणी ताप आला की व्हायचा तसा झाला. "मग दुपारी लॅबमध्ये बसलो होतो आणि एकदम वाटलं, बाबा कुणाच्या तरी दारात गेले. माझ्यासाठी. बाबा, मला आजपर्यंत वाटत होतं, मी इकडे असल्याचं तुम्हाला काही वाटत नाही. दर रविवारी तुम्ही मजेत असता."

केशवरावांनी अर्ज, टिपण्या, अहवाल आयुष्यभर लिहिले, पण ही ओळ कधी लिहिली नव्हती आणि बोललेही नव्हते. जिन्यात कुणीतरी चढून येत होतं, त्यांनी अंग चोरून वाट दिली. त्या माणसाने ऐकलं असतं तरी आता चाललं असतं.

"मजेत नाही रे," ते म्हणाले. "एक दिवस मजेत नव्हतो. मला तू इथे हवा आहेस. तुझी आई मागची खोली धुऊन बसलीये, तिला आता मी काय सांगू, ते मला कळत नाही."

पलीकडून विकासचा नुसता श्वास ऐकू येत होता, मधेच तुटणारा. मग तिकडे त्याला कुणीतरी नाव घेऊन हाक मारली, पुन्हा मारली. तो गेला नाही. केशवरावांनीही फोन कानापासून काढला नाही. सहा महिने, मग पुढे किती, कुणालाच माहीत नव्हतं. ते दोघं तसेच फोन धरून उभे राहिले, बराच वेळ.