लाल फडक्यातली कामटी

"चालली! चालली रे बाप्पा!"

हुडकेश्वरच्या मैदानात एकच कल्लोळ उठला. १९७८ साल. गिरणीत घसरून गुडघा मोडलेली गोपिका काठी टाकून चालत होती. प्लास्टर निघाल्यापासून तिचा पाय मध्येच लचकायचा. तिथे दर गुरुवारी दरबार भरवणाऱ्या चालतेबाबांनी गुडघ्याला कापराचं तेल चोळलं, गोधडीसारखं शिवलेलं जाड लाल फडकं करकचून बांधलं, कानात फुंकर मारली आणि बाई चालली! सासू भागीरथा रडतच बाबांच्या पाया पडली.

"कडक लागते जी," गोपिका म्हणाली.

"मंत्रानं कडक झालं!" बाबा गरजले. "गुडघ्यात साडेसाती होती, हमने बांध दिया! फडकं सोडशील तं पाय लुळा पडंल. दवाखान्यात जाशील तं साडेसाती दुसऱ्या पायात!"

साडेसाती पलीकडच्या पायात कुठल्या वाटेने जाणार, हे कोणी विचारलं नाही.

महिना गेला. गोपिकाला पायऱ्या चढवेनात, पाटावर बसवेना, गिरणीत कामावर घेईनात. शेवटी सासूला न सांगता ती सदर भागातल्या दवाखान्यात चारुशीलाबाईंकडे गेली. तिचे गुडघ्याचे व्यायाम त्यांनीच सुरू केले होते. बाबांनी ते बंद पाडले होते.

"फडकं सोडा."

"नाही जी, मले भेव वाटते."

"बरं, राहू द्या. वरूनच मोजू."

बाईंनी ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या काढल्या. मधे बिजागरी, तिच्यावर कोनाची तबकडी आणि काटा. एक पट्टी मांडीला, दुसरी पोटरीला बांधली. आधी चांगल्या पायाला. "चाला. काटा बघत राहा."

पाऊल उचललं की काटा सरकायचा, टेकलं की परत यायचा. मग पट्ट्या फडक्याच्या पायावर बांधल्या. गोपिका खोलीभर चालली. काटा जागचा हलला नाही.

"बिघडला काय?"

"काटा चांगला आहे. तुमचा गुडघाच वाकत नाही. अख्खा पाय कमरेतून फेकताय. असंच चाललं तर सांधा कायमचा आखडेल."

गोपिका त्या थिजलेल्या काट्याकडे पाहत राहिली. मग तिने टेबलावरची कात्री उचलली, फडकं सोडलं आणि शिवण उसवली. आतून बांबूची रुंद कामटी निघाली. गुडघा त्या कामटीनेच ताठ धरला होता. न वाकणारा पाय लचकत नाही, फारसा दुखतही नाही. मंत्र तो एवढाच.

"बाई," गोपिकाने कामटी उचलली, "हे यंत्र घेऊन हुडकेश्वरले याल?"

पुढच्या गुरुवारी भर दरबारात ती उभी राहिली. पायाला पट्ट्या, हातात कामटी.

"पापिणी!" बाबा ओरडले. "फडकं काहून सोडलं?"

"तुमची साडेसाती पाहाले. हे घ्या, बांबूची हाय!"

"चूप वं! शाप लागंल," भागीरथाने पदर ओढला.

"लागू द्या, आत्याबाई. पाय माहा हाय."

चारुशीलाबाईंच्या खांद्याला धरून, दातओठ खात तिने पाऊल उचललं. लंगडत, पण वाकवून. काटा जरासा सरकला.

"हालला वं!" एक बाई ओरडली.

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने आपल्या गुडघ्यावरचं तसलंच लाल फडकं फाडलं. कामटी. शेजारच्या बाईने आपलं फाडलं. कामटी. बाबा मांडवामागून सटकायला गेले, तर वाटेत भागीरथा उभी.

"माह्या सुनेचा गेलेला महिना दे आंधी!"

मग लोकांनीच बाबांना पोलिसांच्या हवाली केलं.

गोपिकाचा गुडघा फार हळू सुटला. रोजच्या व्यायामात ती रडायची, चारुशीलाबाईंवर चिडायची, आणि दुसऱ्या दिवशी परत यायची. वर्षभराने ती गिरणीत कामावर उभी राहिली.

पाय आपला, दुखणं आपलं. मग त्यावर काय बांधलंय, हे विचारायला भ्यायचं कशाला? जो उघडू देत नाही, मोजू देत नाही, त्याच्यापुढे वाकू नका. आधी शिवण उसवून पाहा.