पडद्यामागून वाजणारा तेत्सुरो

उत्तरघराच्या दारातली बुटांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. मासळीबाजारातल्या बायकांचे रबरी बूट, निवृत्त मास्तरांचे चकचकीत काळे बूट, काठी टेकत आलेल्यांच्या मऊ चपला. एरवी कामोसाकी बंदरात चार म्हातारी माणसं एकत्र दिसायची ती दवाखान्यात. रविवारी दुपारी मात्र डोंगराखालच्या या जुन्या कोठारात मुंगीलाही शिरायला जागा नसे. कोठार पूर्वी लोणच्याचं होतं. शिराकुरा गुरुजींनी ते धुऊन रंगवून घेतलं, दारावर ‘उत्तरघर’ अशी पाटी चढवली, तरी उदबत्तीच्या वासातून खारवलेल्या मुळ्याचा वास डोकं वर काढायचाच.

समोर काळ्या कापडाने झाकलेली वेदी. वेदीच्या मागे कागदी सरकती दारं, म्हणजे ‘पलीकडची बाजू’. आणि मध्ये पांढरा झगा घालून, मांडीवर लाल इलेक्ट्रिक गिटार आणि शेजारी तिचा स्पीकर घेऊन बसलेले गुरुजी. कुणालाही हसू यावं असंच ते दृश्य होतं. पण कुणी हसत नव्हतं, कारण गिटार दिवंगत होसाका तेत्सुरोची होती आणि तिच्यावर सगळं बंदर उभं आयुष्य नाचलं होतं.

“मंडळी, मेलेला माणूस जात नाही,” गुरुजी म्हणाले. “तो शेजारच्या खोलीत राहायला जातो, एवढंच! पितरांच्या ओबोन सणाला तीन दिवस घरी येतो असं तुमचे पुजारी सांगतात. अहो, तीन दिवसच का? माझ्याकडे बारा महिने येतो. मात्र तिकडची हवा विरळ. तीन सुरांच्या वर दम पुरत नाही बिचाऱ्याला. म्हणून मी तीनच सुरांची हाक देतो. चौथा दिला तर त्याला धाप लागेल. आपल्या माणसाला धाप लागलेली चालेल का कुणाला?”

“नाही, नाही!” बायका कळवळून म्हणाल्या.

गुरुजींनी डोळे मिटले आणि तीन सूर छेडले. हात तारांवर ठेवून ते थांबले. आणि कागदी दारांमागून तेच तीन सूर आले. एकदाच. जरा दबलेले, धुक्यातून बोट यावी तसे.

पहिल्या रांगेत तेत्सुरोची बायको माकिए बसली होती. तिने कपाळ चटईला टेकवलं. “आले,” ती म्हणाली. आसपासच्या बायकांनी रुमाल काढले.

शेवटच्या रांगेत बसलेल्या नागुमो इसाओच्या अंगावर आधी काटा आला. मग त्याचे कान गरम झाले. हा आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. आदल्याच संध्याकाळी त्याने तो आपल्या स्वयंपाकघरात ऐकला होता.

इसाओ आणि तेत्सुरो चाळीस वर्षं एका वाद्यवृंदात गिटार वाजवायचे. तेत्सुरो पुढे, इसाओ मागे तालाला. दिवसा इसाओचं न्हाव्याचं दुकान होतं. हळूहळू ढोलवाला गेला, आणखी एक वादक लेकाकडे राहायला गेला, आणि गेल्या शरदात तेत्सुरोही गेला. इसाओची बायको कधीच वारली होती आणि मुलगी नव्या वर्षाला फोन करायची. तेव्हा त्याला जायला एकच दार उरलं होतं, माकिएचं. संध्याकाळी जावं, तेत्सुरोच्या फोटोपुढे उदबत्ती लावावी, चहा प्यावा, आणि चहा पातळ झालाय की दाट यावरून तिच्याशी वाद घालावा, असा क्रम होता. मग माकिए तेत्सुरोची गिटार घेऊन उत्तरघराला जायला लागली. तिथे झाडलोट करायची, गुरुजींचा स्वयंपाक करायची. इसाओ जाई तेव्हा तिच्या दाराला कुलूप असे.

एक दिवस तो उठला आणि सेंदाईला गिटारच्या मोठ्या दुकानात गेला.

“काय वाजवता, आजोबा?” काउंटरवरच्या पोरीने विचारलं.

“ताल. पुढचं दुसरा वाजवायचा.”

‘वाजवायचा’, म्हणजे आता तो नाही, हे तिला बरोबर ऐकू आलं. पायाने दाबायच्या तीन छोट्या पेट्या तिने त्याच्यापुढे मांडल्या. “ह्याला डिले म्हणतात. तुम्ही वाजवाल ते ही पेटी धरून ठेवते आणि थोड्या वेळाने परत देते. तीन कळा आहेत. किती वेळाने परत यावं, किती वेळा यावं आणि किती मोठ्याने यावं. बाकी सगळं तुमच्या पायात.”

पहिल्या पेटीने त्याचे सूर लख्ख, जसेच्या तसे परत फेकले. “ही वेडावून दाखवते,” इसाओ म्हणाला. दुसरीत सूर हेलकावे खात आले. “ही प्यायलेली आहे.” तिसरीतून आलेला सूर मात्र कडांनी झिजलेला, मऊ होता. इसाओने मान वर करून आजूबाजूला पाहिलं.

“ही जुन्या पद्धतीची,” पोरगी म्हणाली. “आग लागल्यावर माणसं रांगेने बादल्या देतात ना, तसा हिच्या पोटात आवाज एकाकडून दुसऱ्याकडे जातो. वाटेत थोडा सांडतो. किती वेळा येऊ दे?”

कळ वाढवली तर सूर विहिरीत ओरडल्यासारखे घुमत राहिले. इसाओने ती उतरवत उतरवत एकावर आणली. एक उत्तर पुरे होतं.

“वेळ थोडा वाढवा. नाहीतर तो तुमच्या बोलण्यात बोलेल.”

“तो तसाच बोलायचा,” इसाओ म्हणाला. पण त्याने वेळ वाढवला.

पोरीने पेटीच्या कडेची दोन भोकं दाखवली. एकातून आपला आवाज, दुसऱ्यातून नुसतं उत्तर. दोन स्पीकर असतील तर दोन ठिकाणी ठेवता येतात. इसाओकडे एकच स्पीकर होता. तेव्हापासून रोज जेवण झालं की तो ओट्याजवळ बसून तीन सूर वाजवायचा आणि थांबायचा. पलीकडे कोणी नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी घरात कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं, आणि तेवढ्यावर झोप लागायची. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेला माणूस डब्याशी बोलतो म्हटल्यावर गावाने काय केलं असतं, हे न्हाव्याच्या दुकानात जन्म काढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

त्या रविवारी गुरुजींनी शेवटी जाहीर केलं, “पुढच्या रविवारी माकिएबाई आपल्या घराची किल्ली या वेदीवर ठेवतील आणि कायमच्या इथे राहायला येतील. गिटार इथे, म्हणजे नवरा इथे. मग बाईने तिकडे रिकाम्या भिंतींत काय करायचं?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इसाओने बाहेर बूट घालताना माकिएला गाठलं.

“वहिनी, किल्ली देऊ नका.”

“का?”

“ते... तसलं यंत्र मिळतं बाजारात.”

“तुम्हाला काय माहीत?”

इथे त्याने सांगायला हवं होतं. “ऐकलंय कुठेतरी,” तो पुटपुटला.

“भावजी, तुम्हाला पोटदुखी आहे. त्यांनी मला उत्तर दिलं, तुम्हाला नाही दिलं.”

“बरं. संध्याकाळी चहाला येऊ?”

“आज दमलेय,” माकिए म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

तो आठवडा इसाओला वाईट गेला. लाज वाटत होती हे खरंच, पण लाजेचं तो पाहून घेणार होता. त्याला भीती होती ती दुसरीच. तिच्याकडे एक उत्तर होतं. ते खोटं आहे असं सांगून तो ते काढून घेणार होता, आणि बदल्यात द्यायला त्याच्याकडे काय होतं? पातळ चहावरचा वाद.

रविवारी वेदीवर किल्लीसाठी ताट मांडलेलं होतं. माकिएने कमरेच्या पट्ट्यातून किल्ली काढली. इसाओ उभा राहिला.

“गुरुजी, एक विनंती आहे. मी त्याचा जोडीदार. गिटार कायमची इथे राहणार, तर एकदा मला तिच्यावर हाक मारू द्या.”

गुरुजींनी क्षणभर त्याला न्याहाळलं. पण हात कुणाचाही असला तरी उत्तर येणारच, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? “या की!” ते प्रेमाने म्हणाले. “मात्र तीनच सूर बरं का. धाप लागते.”

इसाओने गिटार मांडीवर घेतली. “मंडळी, लाटेची धून आठवते?”

आठवते म्हणजे काय! बंदराच्या जत्रेत ती वाजल्याशिवाय कुणी घरी जात नसे. वर चढणारे तीन सूर इसाओचे, उत्तरादाखल खाली उतरणारे तीन तेत्सुरोचे, आणि मग सगळ्या गावाच्या टाळ्या. इसाओने चढते तीन सूर वाजवले आणि हात थांबवला. टाळीसाठी सगळ्यांचे हात आपोआप वर गेले.

कागदी दारांमागून सूर आले. चढणारे.

हात तसेच हवेत राहिले.

“हे तर माझे सूर,” इसाओ म्हणाला. “चाळीस वर्षांत तू माझे सूर कधी वाजवले नाहीस, तेत्सुरो. खालचे वाजव.”

त्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा चढते सूर आले.

“तो तुम्हाला मान देतोय!” गुरुजी घाईघाईने म्हणाले. “तिकडे गेल्यावर माणूस नम्र होतो.”

इसाओने तिसरा सूर मुद्दाम चुकवला, असा बेसूर की पुढच्या रांगेतल्या म्हातारीने तोंड वाकडं केलं. पडद्यामागच्या आत्म्यानेही तो इमानदारीत तसाच चुकवला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. इसाओने तारांवर हात आपटला: ठक्. पलीकडूनही ठक्.

मग त्याने दोन्ही हात तारांवर सपाट ठेवले. “आता मी काही वाजवत नाही. तू सुरू कर. आयुष्यात कधी माझी वाट पाहिली नाहीस, आज तरी कशाला पाहतोस? वाजव, बाबा.”

इसाओ कान देऊन बसला होता. उत्तर येणार नाही हे त्याला नक्की माहीत होतं, आणि तरीही त्याने आशा धरली होती. आलं असतं तर तो त्याच क्षणी गुरुजींच्या पायांवर लोळला असता. काहीही आलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला त्याने हात उचलले नाहीत.

माकिए उठली. वेदीला वळसा घालून तिने कागदी दार सर्रकन बाजूला सारलं. आत एका खोक्यावर स्पीकर होता, त्याचा लाल दिवा जळत होता. त्यातून निघालेली वायर चटईखालून वेदीकडे गेली होती. तिने काळं कापड उचललं. खाली तीन कळांची छोटी पेटी होती.

“यंत्र हे नुसतं वाहन असतं!” गुरुजी ओरडले. “आत्मा बसणार तरी कशावर?”

“आत्म्याला वाहन लागत असेल,” इसाओ म्हणाला, “पण माझीच चूक घेऊन तो का यावा?” मग तो लोकांकडे वळला. “असलीच पेटी माझ्या घरी आहे. मी रोज जेवल्यावर तिच्याशी बोलतो. हसा हवं तर. गिटारची वायर या पेटीत येते. दोन वायरी निघतात. एकीतून आपला आवाज पुढच्या स्पीकरला, दुसरीतून क्षणभर उशिरा तोच आवाज मागच्या स्पीकरला. तीनच सूर का? चौथा वाजवला तर उत्तर आपल्याच आवाजात मिसळतं आणि बिंग फुटतं. धाप तेत्सुरोला लागत नव्हती, या पेटीला लागत होती. मंडळी, एक करा. कुणी म्हणालं की तुमचा माणूस उत्तर देतोय, तर बघा, आपण न घातलेलं एक अक्षर तरी त्यात आहे का. नसेल तर तो आपलाच आवाज आहे. आपला आवाज ऐकायला कुणाला स्वयंपाक करून घालायची आणि किल्ली द्यायची गरज नाही.”

काही लोक गुरुजींच्या अंगावर धावून गेले. काही मुकाट्याने बूट घालायला लागले. बेसूर सुराला तोंड वाकडं करणारी म्हातारी मात्र इसाओपुढे येऊन उभी राहिली. “माझा मुलगा यायचा इथे,” ती म्हणाली. “दर रविवारी यायचा. तुला काय मिळालं रे हे मोडून?” इसाओने तिच्यापुढे कमरेत वाकून मान खाली घातली, आणि ती जाईपर्यंत वर केली नाही.

बसथांब्यावर माकिए गिटार कवटाळून बसली होती. किल्ली पुन्हा पट्ट्यात होती. इसाओ शेजारी येऊन बसला, तशी ती बोलली.

“मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं.”

“काय?”

“की हे ते नाहीत. चाळीस वर्षांत जेवायला हाक मारली तरी हा माणूस कधी इतक्या वेळेवर आला नाही.”

“मग किल्ली का देत होतात?”

“घरी काय होतं, भावजी? निदान इथे हाक मारली की काहीतरी यायचं.” तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, “आता घरी जाऊन मी कुणाशी बोलू?”

“माझ्याशी.”

“तुम्ही प्रत्येक गोष्टीत उलट बोलता.”

“बोलणारच. पेटी थोडाच आहे मी?”

ती हसली नाही. बस आली. तिने खिडकीपाशी बसून शेजारच्या जागेवर गिटार ठेवली, म्हणून इसाओ मागच्या बाकावर बसला. तिच्या थांब्यावर ती उतरली, दोन पावलं गेली आणि वळली.

“उद्या या चहाला. पण त्यांचं नाव काढायचं नाही.”

“काढणार,” इसाओ दारात येऊन म्हणाला. “ते काढायचं नसेल तर येऊ कशाला?”

दार बंद झालं आणि बस सुटली. काचेपलीकडे रस्त्यात उभी राहून माकिए तावातावाने काहीतरी बोलत होती. इसाओला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. पण ती भांडत होती, एवढं नक्की.