गोमुखापलीकडचा ढीग

भूरीने डॉक्टर ऋतुजांच्या टेबलावर जीव सोडला, तेव्हा तिच्या तोंडाला दही लागलेलं होतं. दही, मध आणि त्यात चिकटलेल्या पिवळ्या पाकळ्या.

"कण्हेर आहे ही," डॉक्टर म्हणाल्या. "पान, फूल, बी, सगळंच विषारी. हृदयाचे ठोकेच बिघडतात. पण काकू, कण्हेर कडूजहर असते, कुत्रं आपण होऊन खात नाही. हिला दह्यामधात कालवून कोणी घातली?"

श्रावणी सोमवार होता. अवधपुरीतल्या आमच्या देवळात पहाटेपासून पंचामृताचा अभिषेक चालू होता, आणि महादेवाला पिवळी कण्हेर वाहायची इथली रीतच आहे.

भूरी तशी साऱ्या कॉलनीची. पण पहिली पोळी गायीची आणि शेवटची कुत्र्याची, हा माझा रोजचा नेम, म्हणून ती आमच्या फाटकाशी असायची. मागच्या सोमवारी तिची दोन पिल्लं ओकून ओकून गेली. 'पार्व्हो असेल, कुत्र्यांत साथच आहे त्याची' म्हणाले सगळे. मीही हो म्हटलं. आता एकच पिल्लू उरलं होतं, आणि सकाळपासून तेही दिसत नव्हतं.

यांनी भूरीला जुन्या चादरीत गुंडाळलं. मी शेजारच्या अपर्णाला म्हटलं, "मला देवळात सोड."

विजयराव मंडपात खुर्ची टाकून बसले होते. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून देवस्थान समितीचे अध्यक्ष. मूळचे नागपूरचे, या हिंदी मुलखात इतकी वर्षं राहूनही बोली तिकडचीच.

"या वहिनी! आज उशीर केला?"

"विजयराव, निर्माल्य कुठे टाकता?"

"कुठे म्हणजे? गोमुखापलीकडे. देवाचं आहे, कचरागाडीत टाकू काय?"

महादेवाची प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी गोमुखातून बाहेर पन्हळीत पडतं, ती पन्हळ ओलांडायची नाही, तिथून मागे फिरायचं. आमच्या देवळाला दुसऱ्या बाजूने भांडारखोली बांधली, ती थेट भिंतीला टेकली. त्यामुळे पलीकडच्या कोपऱ्यात जायचं तर पन्हळ ओलांडल्याशिवाय वाटच नाही. पुजारी अलीकडून टोपली भिरकावतो आणि हात जोडतो. तिथे साचतंय काय, हे बघायला कोणी जात नाही. कुत्र्यांना कुठली आलीय मनाई? भिंतीखालच्या भगदाडातून ती दह्याच्या वासाने येतात.

"आमची भूरी त्यानेच मेली," मी म्हटलं. "दोन पिल्लंही त्यानेच गेली."

विजयराव हसले. "देवाच्या प्रसादानं कोणी मरते काय वहिनी? मोक्ष मिळाला म्हणा तिले. श्रावणातला सोमवार! आपल्याले तरी भेटते काय असं मरण?"

रांगेतल्या दोघीतिघी पदर तोंडाला लावून हसल्या. माझी कानशिलं तापली.

"खड्डा करून पुरत जा सगळं. वर झाकण ठेवा. ते भगदाड आजच्या आज बुजवा."

"कायले एवढ्या तापून राहिल्या? सावन होऊ द्या, मीटिंगमध्ये विषय घेऊ."

"तोपर्यंत जी मरतील ती?"

"मंग कुत्र्यांचीच एक वेगळी मीटिंग बोलवा ना. अध्यक्ष तुम्ही."

पुन्हा हशा. तेवढ्यात अपर्णाने माझा दंड धरला. "काकू, तिकडे बघा."

ढिगावर पिल्लू होतं. शेपूट हलवत फुलांत तोंड खुपसून दही चाटत होतं. मी "यू यू" केलं. त्याने मान वर केली, मला ओळखलं, आणि पुन्हा तोंड खाली घातलं.

मी साडी वर खोचली.

"माताजी, रुकिए! जलहरी नहीं लाँघते!" पुजारी गाभाऱ्यातून ओरडला.

"वहिनी, पाप लागीन!" विजयराव खुर्चीतून उठले.

जन्मात न ओलांडलेली ती हातभर पन्हळ मी ओलांडली. पलीकडे पाय घोट्यापर्यंत रुतला. नासकं दूध, धोतऱ्याची काटेरी फळं, कुजलेली बेलपानं, आणि सगळ्यावर आजची ताजी पिवळी फुलं. देवाचं म्हणून जे कचरागाडीत टाकवत नव्हतं, त्याची ही दशा! पिल्लाला मानगुटीला धरून उचललं, जबडा उघडला, बोट घालून पाकळ्या ओढून काढल्या. एक, अजून एक, मग चघळलेलं पान. किती गिळलं होतं देव जाणे. पन्हळीवरून ते अपर्णाच्या हातात दिलं. "ऋतुजांकडे. कण्हेर खाल्लीय म्हणून सांग. पळ!"

तिने त्याला ओढणीत बांधलं आणि स्कूटर काढली.

"सोळा सोमवार केलेल्या बाई तुम्ही," विजयराव आता अगदी शांतपणे म्हणाले. "हे काय केलं? प्रायश्चित्त घ्यावं लागीन."

"घेईन. तुम्ही त्या तिघांचं घ्या."

"फावडं द्या," मी म्हटलं. माझा आवाज चढत नाही, तेव्हाही चढला नाही, पण दात एकमेकांवर घट्ट बसले होते. कोणी हललं नाही. मग भांडारखोलीच्या भिंतीला टेकलेलं तेलाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण घेतलं आणि त्यानेच खड्ड्यासाठी भिंतीकडची माती उकरायला लागले. हाताला चीर पडली. थांबले नाही.

बऱ्याच वेळाने अपर्णाचा फोन आला. "काकू, उलटी करवलीय. ठोके सध्या नीट आहेत. संध्याकाळपर्यंत ठेवून घेतायत."

"बरं," म्हटलं, आणि पुन्हा उकरू लागले. राग उतरायला हवा होता. नाही उतरला.

दुपारचा अभिषेक झाला. पुजारी भरली टोपली घेऊन पन्हळीशी आला. वर दही ओघळत होतं, पिवळी फुलं चमकत होती. सवयीने त्याचा हात उचलला गेला, आणि खाली मी दिसले.

"टाका ना," मी म्हटलं. "टाका माझ्या अंगावर."

त्याने विजयरावांकडे पाहिलं. विजयराव दुसरीकडे बघत होते. पुजाऱ्याने टोपली हळूच खाली ठेवली आणि फावडं आणायला गेला.